यी चिंगमधला पालट कसा वाचायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यी चिंग हा कौल घ्यायचा प्राचीन चिनी ग्रंथ. त्यासाठी नाणी टाकून होतात, सहा रेषा कागदावर येतात, आणि मग गाडी अडते ती एकाच जागी: "यातल्या दोन रेषा पालटतायत, आता वाचू काय?" मला येणाऱ्या प्रश्नांपैकी बहुतेक याच वळणाचे असतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. माझं मत आधीच सांगते, कारण ते पुढे सगळीकडे डोकावणार आहे. कौलाचं उत्तर पालटणाऱ्या रेषेत असतं. ती रेषा नीट न वाचता दुसऱ्या आकृतीकडे धाव घेतली की हाती आलेलं उत्तर निसटतं.

षड्रेषा म्हणजे काय, आणि पालट कशाचा?

एकावर एक सहा आडव्या रेषा. अखंड रेषा यांग, मध्ये तुटलेली यिन. सहा जागा आणि प्रत्येक जागी दोन शक्यता, म्हणून एकूण ६४ आकृत्या. चिनीत अशा आकृतीला क्वा म्हणतात, मी षड्रेषा म्हणते. रेषा खालून वर मोजायच्या, घराचे मजले मोजतो तशा. खालच्या तीन रेषांची एक त्रिरेषा आणि वरच्या तिनांची दुसरी. या त्रिरेषा आठ आहेत: आकाश, धरती, गडगडाट, पाणी, पर्वत, वारा, अग्नी आणि तळं.

प्रत्येक षड्रेषेला एक मुख्य वाक्य असतं आणि सहा रेषांची सहा स्वतंत्र वाक्यं. म्हणजे ३८४ रेषावाक्यं, शिवाय पहिल्या दोन षड्रेषांना प्रत्येकी एक जादा. हा गाभा पश्चिम चौ राजवटीच्या काळातला, सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा मानतात. त्याला जोडलेली 'दहा पंख' ही भाष्यं पुष्कळ नंतरची.

कौल लावताना काही रेषा स्थिर पडतात, काही पालटत्या. पालटती यांग रेषा यिन होते, यिन असेल तर यांग होते, आणि मूळ आकृतीतून दुसरी उभी राहते. एवढ्यालाच पालट म्हणायचं.

'आय चिंग' की 'यी चिंग'?

यी चिंग. 'आय' हे रोमन अक्षर इंग्रजीसारखं वाचल्यामुळे रूढ झालं. 'यी' म्हणजे बदल, 'चिंग' म्हणजे अभिजात ग्रंथ. आपल्या 'चिंच'मधला 'चिं' जसा म्हणतो तसाच म्हणायचा. मराठी जिभेला हा उच्चार आयता जमतो.

६, ७, ८, ९ हे आकडे कुठून येतात?

प्रत्येक रेषेला यांपैकी एक आकडा मिळतो. ७ स्थिर यांग, ८ स्थिर यिन, ९ पालटती यांग, ६ पालटती यिन. परंपरेत ७ आणि ८ यांना तरुण म्हणतात, ९ आणि ६ यांना वृद्ध. वृद्ध म्हणजे आपल्या टोकाला पोचलेली. भरती पुरी भरली की पाणी उतरायलाच लागतं, तसं.

जुनी रीत काड्यांची. यॅरो नावाच्या रानटी रोपाच्या पन्नास वाळक्या काड्या घेतात. एक बाजूला ठेवतात, ती त्या कौलात परत लागत नाही. उरलेल्या ४९ चे नजरेने न मोजता दोन ढीग करायचे. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या हाताच्या करंगळीत धरायची. मग दोन्ही ढीग चार-चारने मोजायचे आणि शेवटी उरलेल्या एक ते चार काड्या बोटांत अडकवायच्या. पहिल्या फेरीत बोटांतल्या काड्या ५ किंवा ९ भरतात, पुढच्या दोन फेऱ्यांत ४ किंवा ८. तीन फेऱ्या झाल्या की खाली २४, २८, ३२ किंवा ३६ काड्या राहतात. चारने भागा: ६, ७, ८ किंवा ९. ही झाली एक रेषा. सहा रेषांना अठरा फेऱ्या लागतात, आणि सवय नसेल तर अर्धा तास सहज जातो.

नाण्यांची रीत सोपी आहे. तीन नाणी एकदम टाकायची, एका बाजूला ३ आणि दुसरीला २ धरायचे, बेरीज करायची. सहा वेळा टाकलं की झालं.

आपली रुपयाची नाणी चालतात का?

चालतात. मी दोन रुपयांची तीन नाणी वापरते. छापा ३, काटा २ असं ठरवलं आहे आणि ते कधी बदलत नाही. कोणती बाजू ३ धरायची याबद्दल चीनमध्येही दोन मतं आहेत. नाणी हातात घेण्याआधी ठरवा, म्हणजे नंतर मनासारखं फिरवायचा मोह होत नाही.

काड्या आणि नाणी, दोन्हींतून सारखंच उत्तर येतं ना?

अगदी सारखं नाही, आणि पालट वाचणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं. रेषा पालटती पडण्याची शक्यता दोन्हींत चारांत एक अशीच आहे, फरक वाटणीत आहे. नाण्यांत १६ पैकी २ वेळा ६ येतो आणि २ वेळाच ९. काड्यांत ६ येतो साधारण १६ पैकी एकदाच, ९ मात्र तीनदा. ७ पाच वेळा, ८ सात वेळा. म्हणजे काड्यांच्या रीतीत यिन रेषा आपली जागा सहसा सोडत नाही, यांग चटकन पालटते. नाण्यांत दोघी सारख्याच चंचल.

म्हणून काड्यांनी घेतलेल्या कौलात ६ आला तर मी थांबते. तो दुर्मिळ असतो. नाण्यांच्या ६ ला तेवढं वजन देता येत नाही.

किती रेषा पालटणं 'नॉर्मल' आहे?

६४ षड्रेषांपैकी कोणतीही पालटून ६४ पैकी कोणतीही होऊ शकते (स्वतःसकट), म्हणजे ४०९६ जोड्या. शंभर कौल घेतले तर साधारण १८ वेळा एकही रेषा पालटत नाही, ३६ वेळा एक, ३० वेळा दोन, १३ वेळा तीन. चार पालटणं शंभरांत तीनदा. पाच किंवा सहा म्हणजे क्वचितच.

मूळ षड्रेषा म्हणजे आज आणि पालटलेली म्हणजे उद्या. बरोबर ना?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यांत जास्त घोटाळाही इथेच होतो. हा अर्थ चूकच आहे असं म्हणणार नाही, आज जगभर पुष्कळ लोक तसंच वाचतात. पण जुन्या चीनमधले लोक कसं वाचत होते हे पाहिलं की चित्र वेगळं दिसतं.

त्यासाठी आपल्याकडे साधन आहे: 'त्सो च्वान' हा इतिहासग्रंथ. त्याचं संकलन इ.स.पू. चौथ्या शतकाच्या सुमाराचं, आणि त्यात त्याआधीच्या अडीचशे वर्षांतल्या घडामोडी येतात. सरदार, राण्या, कारभारी कौल लावतात आणि कौल कसा वाचला हेही सविस्तर येतं. तिथे कौल सांगायची ठरलेली पद्धत आहे: एका षड्रेषेचं नाव, मग 'च' हा शब्द, मग दुसरीचं नाव. हा 'च' पुष्कळ जण क्रियापद म्हणून घेतात, म्हणजे 'अमुक तमुककडे जाते'. पण जुन्या चिनीत त्याचा अगदी रोजचा अर्थ आहे 'चा, ची, चे'.

इ.स.पू. ५१३ ची एक नोंद पाहा. चिन राज्याच्या राजधानीबाहेर ड्रॅगन दिसल्याची बातमी येते आणि त्साय मो नावाचा दरबारी विद्वान ड्रॅगनबद्दल बोलता बोलता पहिल्या षड्रेषेतली वाक्यं सांगत जातो. पहिली रेषा, 'दडलेला ड्रॅगन, काही करू नका', ही तो 'पहिल्या षड्रेषेची ४४ वी' अशा नावाने सांगतो. दुसरी, 'शेतातला ड्रॅगन', ही 'तिची १३ वी'. पाचवी, 'आकाशात उडणारा ड्रॅगन', ही 'तिची १४ वी'. (क्रमांक आजचे, तो नावं घेतो.) इथे कुणी काड्या मोजलेल्या नाहीत, प्रश्नही विचारलेला नाही. तो फक्त रेषेचा पत्ता सांगतो आहे. पहिली रेषा पालटली की ४४ वी षड्रेषा होते, म्हणून त्या रेषेचं नाव 'ची ४४ वी'. रेषांना 'पहिली नऊ', 'दुसरी सहा' अशी नावं पडण्याआधी त्या अशाच ओळखल्या जात होत्या, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि मला ते पटतं.

म्हणजे दुसरी षड्रेषा मुळात बोट होती. "या रेषेकडे बघ" असं सांगणारं. आपण बोटाकडेच बघत बसतो.

मग पालटलेल्या षड्रेषेचा काहीच उपयोग नाही?

आहे, आणि छान आहे. याच ग्रंथातली इ.स.पू. ५४८ ची गोष्ट सांगते.

छी राज्यातला बलाढ्य सरदार त्स्वेइ चू थांग गावच्या प्रमुखाच्या अंत्यविधीला गेला. तिथे त्या माणसाची विधवा त्याने पाहिली आणि तिच्याशीच लग्न करायचं मनात घेतलं. कौल लावला. आली ४७ वी, 'कोंडी', आणि तिसरी रेषा पालटती. ती पालटून २८ वी झाली. दरबारी ज्योतिषी एका सुरात म्हणाले, शुभ आहे. सरदाराला काय ऐकायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मग तो कौल छीच्याच दरबारातल्या छन वन-त्स या सरदाराने पाहिला. ४७ मध्ये खाली पाणी, वर तळं. त्रिरेषांना एका कुटुंबातली माणसंही मानतात: पाणी हा मधला मुलगा, इथे नवरा. तळं ही धाकटी मुलगी, इथे बायको. तिसरी रेषा पालटली की खालचं पाणी वारा होतं. छन वन-त्सने नेमकं हेच धरलं: नवऱ्याच्या जागी वारा येतो आणि वारा बायकोला पाडतो, हे लग्न करू नये. मग त्याने रेषेचं वाक्य घेतलं: "खडकाशी अडकला. काट्यांवर टेकला. घरात शिरतो, बायको दिसत नाही. अशुभ." खडकाशी अडकला, म्हणजे पुढे वाट नाही. काट्यांवर टेकला, म्हणजे ज्याचा आधार घेतला तेच टोचतं. घरात शिरून बायको दिसत नाही, म्हणजे परतायला जागा नाही.

त्स्वेइ चू म्हणाला, विधवा आहे, जे अशुभ होतं ते तिच्या पहिल्या नवऱ्याने भोगलं. लग्न केलं. छीचा राजा तिच्याकडे येऊ लागला, तेव्हा त्स्वेइ चूच्या माणसांनी राजाला त्स्वेइ चूच्याच वाड्यात मारलं. दोन वर्षांनी मुलांच्या भांडणात त्याचं घर उद्ध्वस्त झालं, बायकोने गळफास घेतला. तो परतला तेव्हा परतायला घरच नव्हतं. त्यानेही गळफास घेतला.

ग्रंथ घटनांनंतरचा आहे, त्यामुळे गोष्ट इतकी चपखल बसण्यात नवल नाही. मला त्यातली वाचनाची रीत मोलाची वाटते. पालटलेल्या आकृतीने पाण्याचा वारा कसा झाला ते दाखवलं, म्हणजे पालट कशाचा ते दाखवलं, आणि वाक्य घेतलं ते रेषेचं. २८ व्या षड्रेषेचं मुख्य वाक्य छन वन-त्सने काढलंच नाही.

एकापेक्षा जास्त रेषा पालटल्या तर कोणती वाचायची?

यावर सर्वमान्य नियम नाही. सर्वांत जास्त वापरला जातो तो चू शी (११३०–१२००) या सुंग काळातल्या तत्त्वज्ञाचा. ११८६ सालच्या त्याच्या यी चिंगवरच्या पुस्तकात तो आहे. तो असा:

एक रेषा पालटली तर त्या रेषेचं वाक्य. दोन पालटल्या तर दोन्ही वाचा, वरचीला प्राधान्य. तीन पालटल्या तर रेषा सोडा, दोन्ही षड्रेषांची मुख्य वाक्यं वाचा. चार पालटल्या तर पालटलेल्या षड्रेषेतल्या ज्या दोन हलल्या नाहीत त्या वाचा, खालचीला प्राधान्य. पाच पालटल्या तर पालटलेल्या षड्रेषेतली न हललेली एकच. सहाही पालटल्या तर पालटलेल्या षड्रेषेचं मुख्य वाक्य, पण पहिल्या दोन षड्रेषांना त्यांचं खास जादा वाक्य.

यामागचा विचार सुरेख आहे. दोनपर्यंत लक्ष हलणाऱ्या रेषांवर, कारण त्या थोड्या. तिनाच्या पुढे न हलणाऱ्याच थोड्या उरतात, म्हणून लक्ष त्यांच्यावर. जे वेगळं उठून दिसतं ते वाचायचं.

विसाव्या शतकात युरोपातून पसरलेली रीत (रिचर्ड विल्हेल्म यांचा १९२४ चा जर्मन अनुवाद आणि १९५० चं त्याचं इंग्रजी रूप) वेगळी आहे. तिच्यात सगळ्या पालटत्या रेषा खालून वर वाचतात आणि मग दुसरी षड्रेषाही. मराठी वाचकापर्यंत बहुधा हीच पोचते. दोन रेषांपर्यंत मलाही ती आवडते, कारण खालची रेषा आधीची पायरी आणि वरची नंतरची अशी एक चाल दिसते. चार-पाच रेषा आल्या की मात्र एक 'शुभ' म्हणते, एक 'अशुभ', एक 'दोष नाही', आणि माणूस आपल्याला हवी ती उचलतो. तिथे चू शीची शिस्त कामाला येते.

पाच रेषा पालटल्याचं एखादं जुनं उदाहरण आहे का?

आहे, आणि सगळ्या यी चिंगच्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटणारी बाई त्यातच भेटते.

मू च्यांग ही लू राज्याची राजमाता. मुलाच्या राज्यात तिने एका सरदाराशी संधान बांधून कारस्थान केलं, ते फसलं आणि तिला पूर्व महालात ठेवलं. तिथे जाताना तिने कौल लावला. ५२ वी षड्रेषा, 'पर्वत', थांबणं. दुसरी रेषा ८ म्हणून स्थिर राहिली, बाकी पाच पालटून १७ वी झाली, 'मागोमाग जाणे'. ज्योतिषी म्हणाला, या नावातच बाहेर जाणं आहे, आपण लवकरच इथून सुटाल.

ती म्हणाली, नाही. १७ व्याचं मुख्य वाक्य फार मोठं आहे: थोर आरंभ, सुरळीतपणा, लाभ, सचोटी, आणि मग 'दोष नाही'. एकेक शब्द घेऊन ती स्वतःला लावत गेली. राज्यात बंडाळी माजवली, त्यात थोरपण कुठलं? राज्य अस्वस्थ केलं, त्यात सुरळीतपणा कुठला? स्वतःचंच नुकसान केलं, तो लाभ कसा? आपलं स्थान सोडून नको तिथे गेले, ती सचोटी नव्हे. हे चार गुण असणाऱ्याला हा कौल 'दोष नाही' म्हणतो. माझ्यात एकही नाही. मी इथेच मरेन.

ती तिथेच वारली. नोंद इ.स.पू. ५६४ ची आहे.

शास्त्राचा भाग: विसाव्या शतकात काव हंग या अभ्यासकाने प्रस्तावित केलेली एक रीत इथे पडताळून बघता येते. सहा आकड्यांची बेरीज करा (६, ८, ९, ६, ६, ९ म्हणजे ४४), ५५ मधून वजा करा, ११ उरतात. खालून वर सहा मोजा, मग वरून परत खाली. अकरावा आकडा दुसऱ्या रेषेवर येतो, म्हणजे नेमक्या त्या स्थिर ८ वर. जुन्या ग्रंथात या कौलाला 'पर्वताचा आठ' म्हटलं आहे. हे पहिल्यांदा स्वतः मोजून पाहिलं त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नव्हती.

एकही रेषा पालटली नाही तर कौल फुकट गेला का?

मुळीच नाही. मुख्य वाक्य वाचा, वरची-खालची त्रिरेषा पाहा. परिस्थिती अजून कुठल्या टोकाला गेलेली नाही, एवढंच.

सहाही पालटल्या तर?

पहिल्या षड्रेषेत सहाही ९ आले तर वाक्य आहे: "ड्रॅगनांचा थवा, डोकं कुणालाच नाही. शुभ." दुसरीत सहाही ६ आले तर: "दीर्घकाळ टिकून राहण्यात लाभ." सहा ६ नाण्यांनी येण्याची शक्यता २,६२,१४४ त एक. काड्यांनी साधारण एक कोटी अडुसष्ट लाखांत एक. मला आजवर कधी आलेले नाहीत.

प्रत्यक्ष एक कौल वाचून दाखवाल का?

माझ्या वहीतला दाखवते. गावाकडच्या घराच्या वाटणीचं बोलणं मी आणि माझा भाऊ वर्षभर पुढे ढकलत होतो. मी विचारलं: "हे असंच थांबवून ठेवलं, तर मी कुठे उभी आहे?" खालून वर आकडे आले ७, ७, ९, ८, ७, ८. तिसऱ्या वेळी एक नाणं लोळत कपाटाखाली गेलं. मोबाइलचा टॉर्च लावून वाकून पाहिलं, छापा. दुसरे दोन्ही छापेच होते. म्हणून ९.

ही ५ वी षड्रेषा, 'वाट पाहणे'. खाली आकाश, वर पाणी: ढग भरून आलेत, पाऊस पडलेला नाही. हिच्या रेषा वाचल्या की नदीकाठाकडे चालत जाणारा माणूस दिसतो. पहिल्या रेषेत तो गावाबाहेर वाट पाहतो, दुसरीत वाळूत, तिसरीत चिखलात, चौथीत रक्तात. पाचवीत खाणंपिणं समोर ठेवून वाट पाहतो. सहावीत तो खड्ड्यात उतरतो आणि न बोलावलेले तीन पाहुणे येतात. वाट पाहणं एकच, पाय कुठे आहेत यावर सगळं अवलंबून.

माझी रेषा तिसरी: "चिखलात वाट पाहणे. लुटारू येतील असं करणे." जुनं भाष्य म्हणतं, संकट बाहेर आहे, लुटारूंना मीच बोलावलं, आदराने आणि जपून वागलं तर हार नाही. त्याच महिन्यात एक जमिनीचा दलाल आम्हा दोघांना वेगवेगळे फोन करायला लागला होता. हे वाक्य वाचताना मला त्याचाच आवाज ऐकू आला.

आता पालट. तिसरी रेषा तुटली की खालचं आकाश तळं होतं आणि आकृती होते ६० वी. हिचं नाव म्हणजे बांबूचं पेर, त्यावरून मर्यादा, माप. मुख्य वाक्य सांगतं की कडू मर्यादा धरून बसू नये. मी हे 'पुढे अमुक होईल' असं वाचलं नाही. चिखलातून पाय काढायचा तर तो कोणत्या दिशेला, हे त्यातून घेतलं: काठ असलेलं पाणी, पेरापेराने ठरवलेलं बोलणं. त्याच रविवारी भावाला फोन केला. बोलणं गोड झालं नाही, पण कोणता विषय कोणत्या तारखेपर्यंत मिटवायचा ते ठरलं, आणि दलालाला दोघांनी एकच उत्तर द्यायचं हेही.

माझ्या रेषेत 'महाशुभ' लिहिलंय. मग काळजीचं कारण नाही ना?

नान ख्वायलाही तसंच वाटलं होतं. तो लू राज्यातल्या ची घराण्याच्या एका किल्लेवजा गावाचा कारभारी. इ.स.पू. ५३० मध्ये त्याने आपल्याच धन्याविरुद्ध उठायचं ठरवलं आणि कौल लावला. दुसऱ्या षड्रेषेची पाचवी रेषा आली: "पिवळं अधोवस्त्र. महाशुभ." यी चिंगमध्ये याहून चांगलं वाक्य शोधावं लागेल. हरखून त्याने ते त्स-फू हुइ-पो या लूच्याच सरदाराला दाखवलं, पण बेत सांगितला नाही, 'मनात एक काम आहे' एवढंच म्हणाला.

हुइ-पो म्हणाला, निष्ठेचं आणि सचोटीचं काम असेल तर होईल, नसेल तर नक्की फसेल. पिवळा हा मध्याचा रंग, अधोवस्त्र हे खालच्या जागेचं भूषण. मनाचा मध्य सुटला असेल तर तो रंग तुझा नाही, खालच्या जागी राहून निष्ठा नसेल तर ते वस्त्र तुझं नाही. आणि तो पुढे म्हणतो की यी कपटाच्या कामासाठी विचारता येत नाही. बंड फसलं. नान ख्वाय छी राज्यात पळून गेला.

म्हणून 'शुभ' हा शब्द वाक्यापासून तोडून घेऊ नका. आधी प्रतिमा वाचा: वस्त्र, चिखल, काटे, कोल्ह्याची भिजलेली शेपटी. ती प्रतिमा तुमच्या कामाला लागू पडते का ते पाहा, मगच 'शुभ' तुमचं.

उत्तर आवडलं नाही. परत नाणी टाकू का?

यावर खुद्द ग्रंथातच उत्तर आहे, चौथ्या षड्रेषेत: पहिल्यांदा विचारलं तर सांगतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे अवमान. अवमान केला तर सांगत नाही. परिस्थिती खरोखर बदलली तर मी नवा प्रश्न विचारते, तोच नाही.

अनुवादात जागोजाग 'चिकाटी लाभदायक' येतं. नेमकं काय करायचं?

मूळ शब्द 'चन'. नंतरच्या भाष्यांत त्याचा अर्थ सचोटी, ठामपणा असा झाला आणि इंग्रजीमार्गे मराठीत तो 'चिकाटी' होऊन आला. पण चीनमध्ये आनयांगला सापडलेल्या, चौंच्याही आधीच्या शांग काळातल्या अस्थिलेखांत (हाडांवर कोरलेल्या कौलांच्या नोंदींत) हाच शब्द 'कौल लावणे' या अर्थाने पुन्हा पुन्हा येतो. तेव्हा मूळ अर्थ 'कौल अनुकूल' इतकाच असू शकतो. मू च्यांग मात्र इ.स.पू. सहाव्या शतकात तो 'सचोटी' असाच वाचताना दाखवली आहे, म्हणजे तो अर्थही कालपरवाचा नाही. मी दोन्ही मनात ठेवते. प्रश्न 'करू की नको' असा असेल तर पहिला, 'कशी वागू' असा असेल तर दुसरा.

हे आपल्या कौलासारखं किंवा रमलासारखंच आहे का?

कोकणात, गोव्यात देवाला पाकळ्या लावून कौल घेतात. पाकळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार. तिथे देव उत्तर देतो आणि ते दोनांपैकी एक असतं. यी चिंगमध्ये हो-नाही फारसं मिळत नाही, तुम्ही कुठे उभे आहात याचं चित्र मिळतं.

रमल दिसायला जास्त जवळचं. चार ओळींच्या सोळा आकृत्या, प्रत्येक ओळीत एक किंवा दोन बिंदू. पण रमलात नवी आकृती दोन आकृत्यांच्या बेरजेतून निघते. यी चिंगमध्ये ती बाहेरून येत नाही, मूळ आकृतीचीच एक रेषा टोकाला पोचून उलटते. माझ्यासाठी सगळा फरक इथे आहे.

यातून भविष्य खरंच कळतं का?

पुढच्या वर्षी काय घडणार ते मला आजवर एकदाही कळलेलं नाही. मी काय टाळते आहे ते मात्र अनेकदा कळलं आहे. नाणी यदृच्छेने पडतात, यात मला शंका नाही. पण शेकडो वर्षं घासून आलेलं एक नेमकं वाक्य समोर ठेवून अर्धा तास बसलं की मन आपल्या नेहमीच्या चाकोरीतून बाहेर येतं. आजारपण, पैसे, कोर्टकचेरी यांचे निर्णय डॉक्टर, हिशेब आणि वकील यांच्याशी बोलूनच घ्या. त्यासाठी नाणी टाकू नका.

नोंद कशी ठेवावी?

साधी वही पुरते. तारीख, आणि प्रश्न शब्दशः, नाणी टाकायच्या आधीच लिहिलेला. त्याखाली सहा आकडे खालून वर, रेषांसकट. ९ च्या रेषेवर मी छोटं वर्तुळ काढते, ६ च्या तुटलेल्या जागेत फुली. शेजारी पालटलेली आकृती. मग पालटत्या रेषेचं वाक्य पूर्ण, आपल्या हाताने. त्याच दिवशी अर्थ लिहायचा असेल तर पेन्सिलीने लिहा आणि खाली चार बोटं जागा कोरी सोडा. तीन महिन्यांनी त्या पानावर परत या.